पवनेचा काठ : गो. नी. दांडेकरांच्या मावळविषयक लेखनातील रहिवासी आणि पाहुणा

सह्याद्रीतील भटकंतीला मराठीत जी वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली, तिचे श्रेय मोठ्या प्रमाणात गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) यांच्याकडे जाते. गडकोट पायी हिंडावेत, मुक्कामाला गडावर राहावे, पायथ्याच्या घरात भाकरी मागून खावी, ही रीत त्यांच्या लेखनातून दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली. आज लोणावळ्यापासून पवनेच्या खोऱ्यापर्यंत दर शनिवार-रविवारी जी गर्दी लोटते, तिच्यातील बहुतेकांनी दांडेकरांचे एखादे पानही वाचलेले नसेल. परंतु ज्या दृष्टीने ती गर्दी या प्रदेशाकडे पाहते, त्या दृष्टीच्या घडणीत त्यांच्या लेखनाचा अंश आहे. प्रस्तुत लेखात 'पवनाकाठचा धोंडी' व 'माचीवरला बुधा' या दोन कादंबऱ्या आणि 'दुर्गभ्रमणगाथा' हे अनुभवकथन शेजारी ठेवून एका प्रश्नाचा विचार केला आहे. तो असा की, एकाच लेखकाने मावळचा रहिवासी आणि मावळात येणारा पाहुणा अशी दोन्ही माणसे शब्दांत उभी केली असताना वाचकांच्या स्मरणात पाहुणाच का उरला?

दांडेकरांच्या भ्रमणाचे मूळ पर्यटनात नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. लहान वयात घर सोडणे, गाडगेमहाराजांचा सहवास आणि नर्मदेची परिक्रमा या वाटेने ते चालत आले. परिक्रमेचा अनुभव 'कुणा एकाची भ्रमणगाथा'त आलेला आहेच. परिक्रमावासी वाटेवरच्या माणसाच्या दारात याचक म्हणून उभा राहतो. त्याला प्रदेशाकडून काही विकत घ्यायचे नसते. 'दुर्गभ्रमणगाथा'तील भटक्या याच कुळातला आहे. तो गडाकडे देवस्थानाकडे जावे तसा जातो, आणि गडावर ज्या घरी उतरतो त्या घराशी त्याचे नाते पाहुण्या-यजमानाचे असते, ग्राहक-विक्रेत्याचे नसते. त्याच्या वर्णनातील भक्तिभाव आजच्या वाचकाला क्वचित अतिरेकी वाटेल; काही ठिकाणी तो आहेही. परंतु त्या भक्तिभावामुळे गडाखालच्या माणसाचे ऋण मानण्याची एक शिस्त त्या गद्यात टिकून राहते. यात्रा आणि सहल यांतील फरक तो हाच. पुढच्या पिढ्यांनी वाट उचलली, शिस्त मात्र वाटेतच राहिली.

कादंबऱ्यांतील दृष्टी याहून वेगळी आहे. 'पवनाकाठचा धोंडी'चा नायक तुंग किल्ल्याचा हवालदार आहे. किल्ल्याचे लष्करी महत्त्व केव्हाच संपले आहे, सत्ता गेली आहे; पण हवालदारकीचा अभिमान आणि तिच्यासोबत आलेली जबाबदारी त्याच्या अंगात मुरलेली आहे. तुंगचा सुळका पाहून एखाद्या पाहुण्याचा श्वास थांबेल, पण धोंडीच्या दृष्टीने तो नित्याचा, घरच्या आढ्यासारखा. त्याच्यासाठी डोंगराला सौंदर्य नाही असे नव्हे. ते सौंदर्य कर्तव्यापासून सुटे होत नाही, इतकेच. पाऊस येतो तो भातखाचरांसाठी, वाट चढायची ती गडाची राखण करण्यासाठी. मावळी बोलीचा जो पोत या कादंबरीत आढळतो तोही याच कारणाने उसना वाटत नाही.

'माचीवरला बुधा'त प्रवासाची दिशाच उलटी आहे. मावळच्या माणसाने पोटासाठी मुंबईची वाट धरावी, हा या प्रदेशाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा क्रम. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाल्यापासून तर ही वाट रुंदच होत गेली. बुधा मात्र उतारवयात मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या संगतीत आयुष्याचा शेवट शोधतो. या कादंबरीचे गद्य दांडेकरांच्या उत्तम गद्यांपैकी आहे. माचीवरचा एकांत त्यांनी ज्या संथपणे उलगडला आहे, त्याला मराठीत फारशी जोड नाही.

परंतु नेमक्या याच ठिकाणी एक शंका उपस्थित होते. बुधाची माची इतकी पूर्ण, इतकी निर्मळ वाटते याचे एक कारण असे की, तिच्यावर माणसांचा वावर अगदी मोजका आहे. कर्ज, जमिनीचे वाद, जातीपातीची उतरंड, सावकार, तलाठी ही गावगाड्याची नेहमीची मंडळी या एकांताच्या सीमेबाहेर राहतात. बुधा रहिवासी आहे खरा, पण त्याचे स्वप्न मुंबईकराचे आहे. शहराने थकलेल्या माणसाला जो निवांतपणा हवासा वाटतो, तोच त्याला लाभतो. त्यामुळे शहरी वाचकाला बुधाच्या जागी स्वतःला बसवणे सोपे जाते, आणि कादंबरी मिटल्यावर त्याला राजमाचीला जावेसे वाटते. बुधासारखे तिथे राहावे लागले तर काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. तुलनेसाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पाहावी. तिथेही बाहेरून आलेला शिक्षक आहे, तिथेही माळरान, मेंढरे आणि आभाळ आहे. पण दुष्काळाने वाडी उठून जाते आणि वाचकाला पाहुणचाराची कोणतीही आशा उरत नाही. 'बनगरवाडी' वाचून कोणी माणदेशात सहल काढल्याचे ऐकिवात नाही! हा गुणवत्तेचा निवाडा नव्हे; दोन प्रदेशांकडे आणि दोन लेखकांकडे वाचकाने काय मागितले, त्याचा हा फरक आहे.

'निसर्गरम्य' या विशेषणाकडेही येथे थोडे लक्ष द्यायला हवे. शालेय निबंधापासून भूखंडाच्या जाहिरातीपर्यंत ते सारख्याच सहजतेने वापरले जाते. रम्य म्हणजे मन रमवणारे. कोणाचे मन, हे त्या शब्दात सांगितलेले नसते. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असलेल्या बाईला समोरचा धबधबा रम्य वाटत असेलही, पण तिला त्याकडे पाहायला मान वर करावी लागते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ पाहुणे आवडीने घेऊन जातात. ज्या खाचरात तो पिकतो त्याच्याच कडेला, अनेकदा बांधावरच, त्यांची वाहने उभी असतात.

या सर्व विवेचनाला सर्वांत मोठा छेद देते ती पवनेची आजची भूमी. 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली गेली ती १९५० नंतरच्या दशकात. सत्तरच्या दशकात पवना धरण उभे राहिले आणि खोऱ्यातील गावे व शेते पाण्याखाली गेली. म्हणजे कादंबरीच्या शीर्षकातला काठ आज बऱ्याच अंशी अस्तित्वात नाही. तुंग, तिकोना, लोहगड यांच्या मधोमध पसरलेला जो निळा जलाशय आज तंबूंच्या मुक्कामासाठी, नौकाविहारासाठी आणि छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे, ज्याला पाहुणे मावळचे आदिम सौंदर्य समजतात, तो धोंडीने पाहिलेलाच नाही. धरणाचे पाणी मुख्यतः पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांकडे व वस्तीकडे गेले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला. याच पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. हे सारे जलाशयाच्या काठावर तंबू ठोकताना दिसत नाही. दिसावे अशी त्या देखाव्याची रचनाच नाही.

येथे दांडेकरांच्याच आणखी एका कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवरची कादंबरी. नवस्वतंत्र देशाच्या कर्तृत्वावरचा तो विश्वास प्रामाणिक होता, त्या काळाचाही होता. तरीही एकाच लेखणीतून पवनेच्या काठचा हवालदार आणि भगीरथाचे पुत्र निर्माण व्हावेत, आणि पुढे एकाच्या खोऱ्यात दुसऱ्याच्या कुळातले धरण यावे, हा योगायोग समीक्षेने केवळ नोंदवून सोडून देण्यासारखा नाही. दांडेकरांचा निसर्ग आणि त्यांचे राष्ट्र यांच्यात संघर्ष होऊ शकतो, ही शक्यता त्यांच्या लेखनात फारशी डोकावत नाही. त्यांना केवळ 'निसर्गप्रेमी' वा 'दुर्गप्रेमी' म्हणून गौरवणाऱ्या लेखांनीही ती शोधलेली नाही.

पर्यटनाने मावळला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजमाचीच्या उधेवाडीत पाहुण्यांना जेवण आणि निवारा देऊन अनेक घरांचा संसार चालतो. त्या घरांतील बाईच्या हाती स्वतःच्या कष्टाचा पैसा येतो, ही लहान गोष्ट नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले तेही अशाच अपेक्षेने. पण खोऱ्यात जमीन विकली गेल्यावर त्याच जमिनीवरच्या बंगल्यात राखणदार म्हणून उभा राहणारा तरुणही याच व्यवस्थेने घडवला आहे. धोंडीची हवालदारकी आणि ही राखणदारी यांतील अंतर मोजण्यासाठी कादंबरी पुन्हा वाचावी लागते. धोंडी ज्याची राखण करतो ते त्याचे आहे, निदान त्याची तशी श्रद्धा आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. धोंडीचा तुंग नाही, बुधाची राजमाचीही नाही. लोहगडाचा गौरव योग्यच आहे. पण त्याच वर्षी १५ जूनला, दांडेकरांचे वास्तव्य असलेल्या तळेगावपासून जवळच, कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. गर्दीला दोष देणे सोपे आहे. गावकऱ्यांच्या ये-जा करण्याचा पूल पाहण्याचे ठिकाण कधी झाला, हे मात्र कोणी ठरवले नव्हते.

महाविद्यालयांतून 'माचीवरला बुधा' शिकवली जाते, आणि त्याच महाविद्यालयांच्या सहली राजमाचीला व पवनेला जातात. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी, बहुधा एकाच वर्गाच्या बाबतीत, घडत असूनही त्यांची गाठ क्वचितच घातली जाते. सहल पावसाळ्यात निघते, कारण तेव्हा डोंगर हिरवा असतो. उन्हाळ्यात गेल्यास वेगळे काही दिसते. पाणी ओसरले की जलाशयातून वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर वर येते. अलीकडे तेही पाहायला पाहुणे येऊ लागले आहेत. चिखल वाळलेल्या वाटेने ते मंदिरापर्यंत जातात, छायाचित्रे काढतात आणि पहिल्या पावसाआधी परततात. पुढे पाणी चढते, आणि मंदिर पुन्हा बुडते.