श्रद्धेची शिरगणती, राजाचे मत

डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये धर्म बहुतेक वेळा खजिन्यात भर घालतो नाहीतर प्रजेला खूश ठेवतो. त्याला मताधिकार देऊन त्यातून खरे राजकारण उभे करण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न मला 'सिव्हिलायझेशन फोर'मध्ये दिसतो. 2005 च्या मूळ गेममध्ये सात धर्म होते आणि रचनाकार सोरेन जॉन्सन यांच्या चमूने त्या सातांचे परिणाम जाणीवपूर्वक सारखे ठेवले होते. मतांचे राजकारण आले ते 2007 च्या 'बियॉन्ड द स्वोर्ड' या विस्तारात, अपोस्टॉलिक पॅलेस या वास्तूबरोबर.

जो राजा ही वास्तू बांधतो, त्याचा राजधर्म हाच तिथल्या धर्मसभेचा धर्म ठरतो. मग ज्याच्या एका तरी शहरात तो धर्म पोहोचला आहे, त्या प्रत्येकाला सभेत मत मिळते. मताचे वजन ठरते त्या धर्माच्या शहरांतील लोकसंख्येवरून. राजधर्मही तोच असेल तर ते दुप्पट होते. सभा चालू युद्ध थांबवू शकते, एखाद्याशी व्यापार तोडायला लावू शकते, पवित्र युद्धही पुकारू शकते. ठराव धुडकावला, तर त्या धर्माच्या शहरांत असंतोष उफाळतो.

या रचनेची खरी ताकद कळते ती धर्मप्रसारक पाठवताना. सभेच्या मतांवर अख्खा डाव जिंकता येतो, पण त्यासाठी प्रत्येक राज्यात तो धर्म कुठेतरी असावाच लागतो. म्हणून कसलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या राजधानीकडे फिरकत नाही. तो त्याच्या सर्वांत लहान गावात धर्म रुजवतो: अट पुरी होते आणि विरोधाची मते जेमतेम राहतात. समोरचा सावध असेल तर धर्मसत्ताक धोरण स्वीकारून परक्या धर्माला वेशीवरच अडवतो. सैन्य न हलवता असा चुरशीचा डाव रंगतो, हे मोठे यश आहे.

पुढच्या भागांनी हा धागा सैल सोडला. 'सिव्हिलायझेशन फाइव्ह'च्या 2013 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' विस्तारात जागतिक धर्माचा ठराव मंजूर झाला, की त्या धर्माच्या राज्यांना जादा प्रतिनिधी मिळतात. लोकसंख्येचा संबंध तिथे तुटला. 'सिव्हिलायझेशन सिक्स'मध्ये तर धर्मविजय मतदानाशिवायच मिळतो. धर्मदूत एकमेकांवर विजा पाडतात! देखणे आहे, पण शेवटी ती लढाईच.

'मिडीव्हल टू: टोटल वॉर' (2006) थेट पोपच्या निवडणुकीत शिरतो. उमेदवार तीन, आणि ज्या राज्याचे जितके कार्डिनल तितकी त्याची मते. इथे माझा मुख्य आक्षेप सुरू होतो. कार्डिनल राजाच्या खिशातच आहे, हे गेम गृहीत धरतो. इतिहास एवढा सरळ नाही. 1903 च्या पोप-निवडणुकीत ऑस्ट्रियाच्या सम्राटाने कार्डिनल पुझिना यांच्यामार्फत रांपोल्ला यांच्या नावाविरुद्ध नकाराधिकार वापरला. निवडून आले सार्तो, म्हणजे दहावे पायस, आणि त्यांनी पुढच्याच वर्षी राजांचा तो अधिकार मोडीत काढला. राजसत्तेचा हात धर्मसभेपर्यंत पोहोचत होता, तसा तो झिडकारलाही जात होता. हा ताण मतपेटीभोवती कुठल्याच गेमने नीट उभा केलेला नाही.

'बियॉन्ड द स्वोर्ड'ही यातून सुटत नाही. तिथे श्रद्धावंतांची शिरगणती होते, पण मत टाकतो राजा. दुसऱ्या धर्माच्या राजाखाली राहणारी अल्पसंख्य प्रजा त्याच्याच मताचे वजन वाढवते, मग तो त्यांच्या धर्मसभेविरुद्ध का मतदान करीना! ठराव धुडकावल्यावर होणारा असंतोष ही त्या प्रजेची एकुलती एक दाद, आणि तीही मतदान उरकल्यानंतरची.

पुढच्या रचनाकारांनी विजा बाजूला ठेवाव्यात आणि पुन्हा या सभेकडे यावे. लोकसंख्येचा हिशेब तसाच राहू द्यावा. फक्त धर्मगुरूला राजाविरुद्ध मत टाकण्याची मुभा द्यावी.