खिडकीतला उजेड, खोलीतला काळोख

खिडकीच्या उजेडात माणूस उभा करून छायाचित्र काढणे आज कधी नव्हे इतके सोपे झाले आहे, आणि त्यातले नाट्य त्यामुळेच आटत चालले आहे. मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक एक्स्पोजर जोडतो आणि सावलीची बाजू उजळून देतो. कोपरा दिसतो, भिंत दिसते, पडद्याची वीणसुद्धा दिसते. बघणाऱ्याला शोधायला काही उरत नाही.

छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६४च्या सुमारास आइल ऑफ वाइटवर कोंबड्यांच्या खुराड्याचा काचघर-स्टुडिओ केला. तिथे उजेडाला तोटा नव्हता, तरी पडदे ओढून ती बराचसा अडवायची. काचेची प्लेट मंद, त्यामुळे उजेड कमी केला की समोरच्याला आणखी वेळ निश्चल बसावे लागे. चित्र हलण्याची ही जोखीम तिने जाणूनबुजून घेतली. तिचे चेहरे काळोखातून पुढे येतात ते म्हणूनच.

छायाचित्रकार बिल ब्रांटचे ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ हे पुस्तक १९६१चे. जुना लाकडी कोडॅक, वाइड अँगल लेन्स, अगदी बारीक ॲपर्चर. या कॅमेऱ्याने खोली ताणली, देह तिच्यात अवाढव्य झाला. पुढे प्रिंट काढताना तो मधले करडे टोन जवळजवळ पुसून टाकू लागला. तो काळा मला कधी कधी अति वाटतो; आकार उरतो, त्वचा हरवते.

माझ्या मते या वाटेवर सर्वांत दूर गेली ती फ्रान्सेस्का वुडमन. प्रॉव्हिडन्समध्ये शिकत असताना, १९७६च्या आसपास, तिने पडक्या घरांत स्वतःचीच चित्रे घेतली. पोपडे सुटलेली भिंत, फरशीवर पडलेला चुरा, बाजूला पडदा नसलेली खिडकी. शटर उघडे असताना ती हलते, त्यामुळे घराची पडझड लख्ख येते आणि देह धुरासारखा विरतो. दिवसाउजेडी काढलेल्या चित्रात माणूस दिसेनासा होतो, ही तिची खरी कमाई. तिची नक्कल करणाऱ्यांनी पडकी भिंत तेवढी उचलली.

सॉल लायटरच्या न्यूयॉर्कमधल्या घरातली चित्रे त्याच्या मृत्यूनंतर, २०१८मध्ये ‘इन माय रूम’ या पुस्तकातून आली. ती जिव्हाळ्याची आहेत; नाट्य त्यांना नकोच होते.

तंत्र तसे साधे आहे. लहान खिडकीजवळ उजेडाचा उतार तीव्र असतो. माणूस चौकटीला लागून उभा केला आणि एक्स्पोजर त्याच्या त्वचेवर धरले की मागची भिंत काळी पडते. पण आपल्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंती तो उजेड परत फेकतात. त्या बाजूला काळे कापड टांगायला फारसे कोणी तयार नसते, रिफ्लेक्टर मात्र हौसेने लावला जातो.

उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, हा नियमही आपण युरोपातून जसाच्या तसा उचलला. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणजे आकाश निरभ्र असेल तर त्या खिडकीत थेट ऊन येऊ शकते. शिवाय आपले दुपारचे ऊन अंगणावरून उसळून खालून वर येते आणि हनुवटीखालची सावली खाऊन टाकते. आषाढातला भरल्या आभाळाचा उजेड वेगळा: मंद, एका बाजूने येणारा, खोलीच्या मध्यापर्यंत पोहोचता पोहोचता संपणारा. त्या दिवसांत आपले बहुतेक छायाचित्रकार घाटात धबधबे टिपायला गेलेले असतात.