बेट पाहावे निवडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या वेळी सहकुटुंब सहली निघत नसत, नाहीतर ‘बेट पाहावे निवडून’ हे तिसरे कलम त्यांनी घातल्याशिवाय ठेवले नसते. पहिली दोन कामे मी यथाशक्ती आणि यथाकर्ज पार पाडली आहेत. तिसऱ्या कामात तीन महिने घालवले आणि हाती काय लागले, तर बेट नव्हे, बेटांविषयीचे साहित्य! प्रवासवर्णन लिहिण्याचा योग हुकला, तरी प्रवाससाहित्याची समीक्षा लिहिण्याचा अधिकार मला पोचतो, असे मी नम्रपणे समजतो. बरेच समीक्षक याच वाटेने होत असावेत.

या सगळ्याचे मूळ मुन्नारला आहे. गेल्या दिवाळीत आम्ही तिथे गेलो होतो. धुके, चहाचे मळे, शांतता. सौ. डोळे मिटून म्हणाली, “कित्ती निवांत ना!” आणि तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, “काय, तुम्ही पण?” आमच्याच इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सहकुटुंब पुढ्यात उभे. त्यांनी पिशवीतून बाकरवडी काढली. आम्हीही पिशवीतून बाकरवडी काढली. मग हजार-बाराशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या आम्ही दोघांनी सोसायटीची पाण्याची मोटर दुरुस्त करावी की नवीन घ्यावी, यावर पाऊण तास चर्चा केली. ठरले काहीच नाही.

घरी आल्यावर सौ.ने निक्षून सांगितले, “पुढच्या खेपेला अशा ठिकाणी जायचं, जिथे कोण्णीसुद्धा जात नाही.” चिरंजीव म्हणाले, “मग बेट!” ठराव एकमताने पास झाला. आमच्याकडे राहायला असलेल्या आत्याने हात वर केला नव्हता. पण तिचे मत कोणी विचारलेही नव्हते.

मी कामाला लागलो. अप्पा बळवंत चौकातून पुस्तके आणली, रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक आणले, सहल कंपन्यांची रंगीत माहितीपत्रके तर पिशवीभर जमली. बेटांवरचे हे सगळे वाङ्मय मी चष्मा पुसून वाचले. त्याचा पहिला गुण म्हणजे ते पाठ करायला सोपे आहे. पाणी ‘नितळ’ असते, वाळू ‘रुपेरी’ असते, बेट ‘पाचूचे’ असते आणि किनारा ‘अस्पर्श’ असतो. अस्पर्श किनाऱ्यावर लेखक स्वतः चार दिवस लोळून आलेला असतो, ही गोष्ट वेगळी. ‘अजून कोणालाच ठाऊक नसलेले’ असे एक ठिकाण तर मला पाच माहितीपत्रकांत सापडले. छायाचित्रात किनाऱ्यावर चिटपाखरू नसते. फोटो काढणारा तरी तिथे असणारच, आणि त्याला तिथवर आणणारा होडीवालाही. ते दोघे नेमके चौकटीबाहेर उभे असतात. माझ्या मते या वाङ्मयाचा सगळा दोष त्या चौकटीबाहेर आहे.

दोष मला दिसला तो लक्षद्वीपच्या निमित्ताने. छत्तीस बेटे, त्यांतल्या दहांवर वस्ती, सगळ्यांचे क्षेत्रफळ मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. आमच्या पुणे महापालिकेची हद्द २०२१ साली पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली. म्हणजे अख्खे लक्षद्वीप कात्रज आणि हडपसरच्या मध्ये कुठे पडले तर शोधायला माणसे पाठवावी लागतील. इथवर मजा वाटली. मग चिरंजीवांनी विचारले, “बाबा, चहूकडे खारं पाणी, मग ते लोक पितात काय?” पिशवीभर माहितीपत्रकांत याचे उत्तर नव्हते. शेवटी मिळाले ते शाळेच्या पुस्तकासारख्या एका रुक्ष पुस्तकात. पोवळ्याच्या या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे तरंगत राहते. विहिरीतून जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. म्हणून २००५ साली कवरत्ती बेटावर एक संयंत्र बसवले. समुद्राचे वरचे पाणी गरम आणि खोलवरचे गार. गरम पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि ती गार पाण्याने थंड करून पुन्हा पाणी करायचे. दिवसाला एक लाख लिटर. मी हिशेब केला. आमच्या सोसायटीत मे महिन्यात येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे दहा टँकर, आणि कवरत्तीची वस्ती ११ हजारांच्या घरात. माणशी नऊ लिटर झाले! मी दाढी करताना नळ चालू ठेवतो, त्याकडे सौ.ने त्याच दिवशी पहिल्यांदा सूचक नजरेने पाहिले.

आता अभिजात वाङ्मयाकडे वळू. बेटांच्या साहित्याचा मूळपुरुष म्हणजे रॉबिन्सन क्रूसो. डॅनियल डीफोने तो १७१९ साली लिहिला आणि आपण सगळ्यांनी तो पाचवी-सहावीत संक्षिप्त स्वरूपात वाचला. मी तो आता पुन्हा, बापाच्या वयात वाचला. लहानपणी वाटला होता त्याहून हा माणूस फारच पुणेरी निघाला. बेटावर पोचल्या पोचल्या कुंपण घालतो, तारखा मोजतो, आणि कागदावर दोन रकाने आखून आपल्या नशिबातल्या वाईट-चांगल्याचा जमाखर्च मांडतो. माणसांसाठी झुरत असतो. आणि एके दिवशी वाळूत माणसाच्या पावलाचा एकच ठसा दिसतो, तर आनंद होण्याऐवजी भीतीने गाळण उडून घरात जाऊन लपतो आणि कुंपण वाढवतो! हा प्रसंग लहानपणी मला कळला नव्हता. मुन्नारला दुसऱ्या मजल्याचा आवाज ऐकल्यावर मात्र लख्ख कळला.

पण खरी मेख पुढे आहे. क्रूसोला नंतर उमगते की पलीकडचे लोक त्या बेटावर होड्या घेऊन नेहमीच येत-जात असतात. फक्त ते दुसऱ्या किनाऱ्याला लागतात. म्हणजे वर्षानुवर्षे ज्याला तो निर्जन म्हणत होता, ते बेट निर्जन नव्हतेच. ह्याच्या बाजूने बघितले तर निर्जन. आमच्या माहितीपत्रकांचा लेखक तो हाच.

क्रूसोवरून आठवले. ज्या खऱ्या माणसावरून त्याची कल्पना सुचली असे मानतात, तो अलेक्झांडर सेलकर्क नावाचा स्कॉटिश खलाशी. १७०४ साली चिलीजवळच्या एका बेटाशी जहाज थांबले असताना तो कप्तानाशी भांडला. म्हणाला, हे जहाज गळके आहे, यातून जाण्यापेक्षा मला इथेच उतरवा. कप्तानाने उतरवले. सेलकर्कला लगेच पश्चात्ताप झाला. पण कप्तानाने परत घेतले नाही. साडेचार वर्षांनी, १७०९ साली, सुटका झाली. जहाज मात्र पुढे खरोखरच बुडाले. आपले म्हणणे खरे ठरल्याचे समाधान त्याला मिळाले, आणि त्यासाठी चार वर्षे बकऱ्यांमागे धावावे लागले. पुढे १९६६ साली चिली सरकारने त्या बेटाला रॉबिन्सन क्रूसोचे नाव दिले, आणि सेलकर्कचे नाव पलीकडच्या दुसऱ्या बेटाला, जिथे त्याने पाऊलही ठेवले नव्हते. नामकरण समित्या जगात सगळीकडे सारख्याच.

माझ्या वाचनाचे हे सार मी एका रात्री जेवताना सांगितले. सौ. म्हणाली, “मग अंदमानला जाऊ या का?” आतापर्यंत गप्प असलेली आत्या ताटावरून उठता उठता थांबली. “अगं, तात्यारावांना १९११ साली नेऊन कोंडलं ते अंदमान? तिथली माणसं सुटायची वाट बघायची, आणि तुम्ही तिकीट काढून जाणार?”

“आत्या, आता ते दिवस गेले. लोक मुद्दाम ती कोठडी बघायला, नमस्कार करायला जातात. आणि आम्हाला आपली एखादी आडवाट हवी आहे.”

आत्या पुन्हा पाटावर बसली. तिचे सासर कोकणात, खाडीपलीकडे. तेव्हा पूल नव्हता. पावसाळ्यात चार-चार दिवस तर बंद असे. तिचा थोरला दीड वर्षाचा असताना तापाने फणफणला. डॉक्टर अलीकडच्या काठावर. दोन दिवस ती पडवीत बसून पाण्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा तांडेल म्हणाला, “चल बाय, घालतंय होडी.” पोर वाचले. ते पोर आता साठीचे आहे आणि आमच्याकडे आले की चहात साखर कमी म्हणून कुरकुरते. हे सगळे आत्याने शांतपणे सांगितले, आणि मग म्हणाली, “आडवाट तुम्हाला रे. आम्हाला तीच वाट होती.”

कोणी काही बोलले नाही. चिरंजीवांनी गुपचूप माहितीपत्रके उचलली.

त्या रात्री मला माझ्या समीक्षेची कसोटी सापडली. बेटावरच्या कोणत्याही लेखनाला तीन प्रश्न विचारावेत. प्यायचे पाणी कुठून येते? रात्री कोणी आजारी पडले तर काय करतात? आणि होडी कोण चालवतो? उत्तरे नसतील तर ते वर्णन बेटाचे नव्हे, लेखकाच्या सुट्टीचे. आणि दुर्गम म्हणजे किती किलोमीटर, हा प्रश्न तर विचारूच नये. मुंबईच्या गेटवेवरून तासाभरात लाँचने पोचता येते त्या घारापुरीच्या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथल्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांना वीज मिळाली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकल्यावर. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. समोर रात्रभर मुंबई झगमगत असे. इतके दुर्गम बेट एकाही माहितीपत्रकाने मला सुचवले नाही.

रविवारी संध्याकाळी आत्या म्हणाली, “ते बेटबिट राहू दे, मला तळ्यातल्या गणपतीला घेऊन चल.” सगळेच सारसबागेत गेलो. दर्शन झाले, पायऱ्यांवर टेकलो, आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी चिरंजीवांना म्हटले, “अरे, आपण बेटावरच बसलोय! नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी मोठं तळं करवलं आणि मधे हे बेट राखलं. १७८४ साली, सवाई माधवरावांच्या वेळी, इथे गणपती बसला. चहूकडे पाणी होतं.”

“मग पाणी कुठे गेलं?”

“पुण्याने काढून टाकलं. बाग केली.”

मला जरा वाईट वाटत होते. घरचे बेट हातचे घालवून आपण तीन महिने नकाशे धुंडाळत बसलो! पण आत्या पदर सावरत म्हणाली, “बरंच झालं की. दर्शनाला यायला होडीची वाट बघायला नको.” यावर समीक्षकाकडे उत्तर नव्हते.

एवढ्यात मागून आवाज आला, “काय, तुम्ही पण?” दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, हातात भेळेचे पुडे. वाळूतला ठसा दिसला तरी या खेपेला माझी गाळण उडाली नाही. मी सरकून त्यांना पायरीवर जागा करून दिली. मोटरीचे अजून ठरायचेच होते.