आपत्कालीन सूचनेची भाषा : व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संदेशांची चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठीय लेखनाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच ग्रंथ, व्याख्याने व संशोधनपत्रिका यांकडे जाते. परिपत्रक हा लेखनप्रकार मात्र कोणी चिकित्सेस योग्य मानीत नाही. सुट्टी केव्हा आणि शुल्क भरण्याची अंतिम तारीख कोणती, एवढ्यापुरतेच ते वाचले जाते. परंतु क्वचित असा प्रसंग येतो की, परिपत्रकातील एका शब्दाच्या निवडीवर वाचणाऱ्याचा जीव अवलंबून राहतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ब्लॅक्सबर्ग येथे असलेल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी असा प्रसंग आला. एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात त्या दिवशी ३२ विद्यार्थी व प्राध्यापक मृत्युमुखी पडले. त्यांमध्ये मुंबईहून वास्तुशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. हल्लेखोराची मानसिकता किंवा अमेरिकेतील शस्त्रविषयक कायदे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्या सकाळी विद्यापीठाने काय लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणासाठी लिहिले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

सव्वासात ते दहा

सकाळी ७.१५ च्या सुमारास वेस्ट अ‍ॅम्बलर जॉन्स्टन या वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. हल्लेखोर निघून गेला. हा वैयक्तिक संबंधांतून घडलेला प्रकार असावा व संशयित परिसराबाहेर गेला असावा, असा तर्क पोलिसांनी बांधला. ८.२५ वाजता कुलगुरूंच्या स्थानी असलेले अध्यक्ष चार्ल्स स्टेगर यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाचा धोरण गट एकत्र आला. ९.०५ वाजता दिवसाची दुसरी तासिका सुरू झाली. ९.२६ वाजता पहिला ई-मेल सर्वांना पाठविण्यात आला. त्यानंतर अवघ्या पंधरा मिनिटांच्या आत नॉरिस हॉल या अभियांत्रिकीच्या इमारतीत, बाहेरची दारे साखळ्यांनी बांधून, गोळीबार सुरू झाला. ९.५० वाजता दुसरा ई-मेल गेला. ९.५१ वाजता हल्लेखोराने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तोपर्यंत त्या एका इमारतीत ३० जणांचे प्राण गेले होते.

राज्यपाल टिम केन यांनी नेमलेल्या आढावा समितीने ऑगस्ट २००७ मध्ये आपला अहवाल सादर केला. राज्य पोलीस दलाचे माजी प्रमुख जेराल्ड मॅसेंगिल हे या समितीचे अध्यक्ष होते. पुढील विवेचन मुख्यतः या अहवालाच्या आधारे केले आहे.

एकाच सकाळची दोन वाक्ये

९.२६ च्या संदेशाचा आशय असा होता : आज सकाळी वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली आहे, पोलीस घटनास्थळी असून तपास करीत आहेत, सर्वांनी सावधगिरी बाळगावी आणि काही संशयास्पद आढळल्यास पोलिसांना कळवावे. वरकरणी या मजकुरात एकही शब्द खोटा नाही. तरीही व्याकरणाच्या अंगाने तो तपासला असता त्याचे खरे स्वरूप स्पष्ट होते. ‘घटना घडली आहे’ या वाक्याचा कर्ता ‘घटना’ हाच आहे. गोळी झाडणारा माणूस वाक्यात कोठेही नाही. ‘आज सकाळी’ या शब्दांनी प्रकार भूतकाळात ढकलला आहे. ‘तपास करीत आहेत’ या क्रियापदाने तो योग्य हाती असल्याचे सुचविले आहे. दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत मृत्यू झाला आणि मारेकरी सापडलेला नाही, या तीनही गोष्टी गाळलेल्या आहेत. बंदूक साफ करताना चुकून सुटलेल्या गोळीचे वृत्तही याच शब्दांत देता आले असते. ‘सावधगिरी बाळगावी’ हे क्रियापद तर वाचणाऱ्याला काहीच करावयास सांगत नाही. वर्गात जावे की न जावे, दार लावावे की न लावावे, याचे उत्तर त्यात नाही.

येथे एक बचाव संभवतो. त्या क्षणी अधिकाऱ्यांनाच पुरेशी माहिती नव्हती, मग संदेशात ती कोठून येणार? हा बचाव त्याच अहवालातील घटनाक्रमाने निकालात निघतो. ८.४५ वाजता, म्हणजे पहिल्या संदेशाच्या ४१ मिनिटे आधी, धोरण गटाच्या एका सदस्याने राजधानी रिचमंड येथील आपल्या सहकाऱ्यास ई-मेल पाठविला होता. एक विद्यार्थी मृत, दुसरा गंभीर जखमी आणि बंदूकधारी मोकाट, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हे अद्याप जाहीर करावयाचे नाही, असेही पुढे जोडले होते. चार मिनिटांनी, ही बातमी बाहेर फुटू नये याची काळजी घेण्याविषयी पुन्हा आठवण करण्यात आली. ८.५२ वाजता ब्लॅक्सबर्ग गावातील सार्वजनिक शाळांनी आपली दारे बंद करून घेतली. ज्या विद्यापीठात गोळीबार झाला तेथील वर्ग मात्र ९.०५ वाजता नेहमीप्रमाणे भरले.

म्हणजे योग्य वाक्य अस्तित्वात होते. ते इंग्रजीतच होते, त्याच गटातील एका माणसाने लिहिले होते आणि त्याला कर्ताही होता. संस्थेजवळ शब्दांची वाण नव्हती. तिच्याजवळ दोन भाषा होत्या, आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरी. बंदूकधारी मोकाट असल्याचे सांगणारे आणि इमारतींतच थांबून खिडक्यांपासून दूर राहण्याची आज्ञा देणारे वाक्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले ते ९.५० वाजता. तोवर नॉरिस हॉलमधील गोळीबार संपत आला होता. विलंबाची चर्चा नेहमी मिनिटांच्या हिशेबात होते. खरा विलंब ‘घटना’ या नामापासून ‘बंदूकधारी’ या नामापर्यंतचा आहे आणि तो तांत्रिक कारणाने झालेला नाही.

तयारीचा कागद

संदेशाची भाषा अशी का झाली, याचे उत्तर काही अंशी विद्यापीठाच्या आपत्कालीन योजनेत सापडते. ही योजना अस्तित्वात होती, ही बाब महत्त्वाची आहे. तयारी नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु समितीने नोंदविल्याप्रमाणे त्या योजनेत गोळीबाराच्या प्रसंगाची तरतूदच नव्हती. निर्णयाच्या उतरंडीत पोलिसांचे स्थान पुरेसे वरचे नव्हते. योजनेच्या कागदावर पोलीस प्रमुखांचे नावदेखील चुकीचे होते, कारण ती अद्ययावत केलेली नव्हती. जी संहिता स्वतःच्या रक्षकाचे नाव बरोबर लिहीत नाही, ती कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेली असते, असे म्हणणे कठोर वाटले तरी अप्रस्तुत ठरू नये.

याहून गंभीर बाब संदेश पाठविण्याच्या अधिकाराची आहे. सर्वांना संदेश पाठविण्याची यंत्रणा पोलिसांच्या हाती नव्हती. त्यांनी धोरण गटास सांगावयाचे, गटाने विचार करावयाचा, मजकूर जनसंपर्क विभागाने तयार करावयाचा आणि मोजक्या अधिकाऱ्यांपैकी कोणी तरी तो पाठवावयाचा, असा तो मार्ग होता. समितीने ही पद्धत अवजड व कालहरण करणारी ठरविली. वाङ्मयीन परिभाषेत सांगावयाचे तर या संदेशाला लेखक नव्हता, मंडळ होते. आणि मंडळाने लिहिलेल्या वाक्यातून कर्ता नाहीसा होणे हे फारसे आश्चर्यकारक नाही. जनसंपर्क विभाग संस्थेची प्रतिमा सांभाळण्यासाठी असतो. त्याच्या हाती इशाऱ्याची लेखणी दिली की इशाराही प्रतिमा सांभाळू लागतो.

घबराटीचा प्रश्न

अधिकाऱ्यांची बाजू मांडताना घबराटीची भीती पुढे केली जाते. तिला आधार नव्हता असे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये, वर्ग सुरू होण्याच्या पहिल्याच दिवशी, एक फरारी कैदी परिसराजवळ असल्याने विद्यापीठात मोठी खळबळ उडाली होती. शिवाय १३१ मोठ्या इमारती व सुमारे २,६०० एकरांचा विस्तार असलेले विद्यापीठ शाळेप्रमाणे कुलूपबंद करणे शक्य नव्हते. हे समितीनेही मान्य केले आहे. लवकर इशारा दिला असता तरी हल्ला पूर्णपणे टळला असता असे नाही, मात्र जीवितहानी कमी होऊ शकली असती, असे तिचे संतुलित मत आहे. पण याच अहवालातील एक विचार अधिक मोलाचा वाटतो. विद्यापीठातील बहुतेक सर्व माणसे प्रौढ आहेत, स्वतःच्या सुरक्षिततेचा निर्णय घेण्यास ती समर्थ आहेत. म्हणून इशारा जितका लवकर व जितका स्पष्ट, तितकी वाचण्याची संधी अधिक. प्रश्न इमारतींना कुलूप घालण्याचा नव्हताच. वाचकाला प्रौढ मानण्याचा होता.

न्यायव्यवस्थेने या प्रश्नाला एकसारखे उत्तर दिले नाही. १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात झालेल्या एका विद्यार्थिनीच्या हत्येनंतर, १९९० मध्ये जो क्लेरी कायदा झाला, त्याने वेळेवर इशारा देण्याचे बंधन विद्यापीठांवर घातले होते. त्याखाली शिक्षण विभागाने २०११ मध्ये व्हर्जिनिया टेकला ५५,००० डॉलरचा दंड केला. २०१२ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी तो रद्द केला आणि त्याच वर्षी शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांनी त्यातील २७,५०० डॉलर पुन्हा लागू केले. मृतांच्या दोन कुटुंबांनी लावलेल्या दाव्यात ज्यूरीने विद्यापीठास निष्काळजी ठरविले, तर २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. तोपर्यंत २००८ च्या दुरुस्तीने क्लेरी कायद्यातील अपेक्षा बदलली होती. तातडीच्या धोक्याची खात्री होताच विनाविलंब सूचना द्यावी आणि ही यंत्रणा दरवर्षी तपासून पाहावी, असे ती सांगते.

उलट बाजूचे उदाहरण

२८ नोव्हेंबर २०१६ रोजी ओहायो स्टेट विद्यापीठात एका विद्यार्थ्याने पादचाऱ्यांवर मोटार घातली व नंतर सुऱ्याने वार केले. काही मिनिटांतच विद्यापीठाचा इशारा सर्वांच्या भ्रमणध्वनीवर आला : परिसरात बंदूकधारी आहे, पळा, लपा, प्रतिकार करा, आणि पुढे इमारतीचे नाव. यातील नाम चुकीचे होते. गोळ्या झाडल्या होत्या त्या पोलिसाने, आणि इशारा पोहोचला तेव्हा हल्लेखोर ठार झालेला होता. या चुकीवर टीका करता येईल. पण हल्लेखोराखेरीज कोणाचाही मृत्यू झाला नाही अशा त्या सकाळी विद्यार्थ्यांनी एक तासाहून अधिक काळ दारे लावून काढला तो अनावश्यक ठरला, एवढीच त्या चुकीची किंमत. व्हर्जिनिया टेकच्या पहिल्या संदेशात प्रत्येक नाम खरे होते आणि उपयोगाचे क्रियापद एकही नव्हते. ओहायोच्या संदेशात नाम चुकले, क्रियापदे तीन होती आणि तीनही आज्ञार्थी. आपत्कालीन सूचनेच्या समीक्षेत या दोन चुका एकाच तागडीत तोलता येणार नाहीत.

मराठी परिपत्रकाच्या संदर्भात

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. येथील धोके वेगळे आहेत. वसतिगृहातील आग, प्रयोगशाळेतील गळती, पावसाळ्यातील पूर, आंदोलनातील हिंसा. परंतु भाषेचा प्रश्न परका नाही. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ या वाक्याने सुरू होणाऱ्या मराठी परिपत्रकात कळविणारा कोण आणि संबंधित कोण, हे दोन्ही अध्याहृत असते. ‘अनुचित प्रकार’ या शब्दात चेंगराचेंगरीपासून मारहाणीपर्यंत सर्व काही सामावते. ‘दक्षता घ्यावी’ हे तर ९.२६ च्या त्या संदेशाचे जणू शब्दशः भाषांतर आहे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ असेही बजावले जाते, पण अफवेच्या जागी कोणती माहिती ठेवावी ते सांगितले जात नाही. कार्यालयीन मराठीची ही घडण शासनव्यवहाराच्या सोयीतून झाली आहे आणि एरवी तिने कोणाचे फारसे बिघडत नाही.

आता अनेक विद्यापीठांत संदेशांचे मसुदे आगाऊ तयार करून ठेवण्याची प्रथा रूढ झाली आहे. ठिकाण व वेळ यांच्या जागा रिकाम्या सोडलेल्या असतात. असे मसुदे येथे तयार होतील तेव्हा ते कोणत्या भाषेत असावेत, हा प्रश्न तंत्रज्ञाच्या आधी भाषेच्या प्राध्यापकाने विचारावयास हवा. विद्यापीठाच्या आवारात सकाळी सर्वांत आधी येतात ते सफाई कामगार, खानावळीतील आचारी आणि फाटकावरचे रखवालदार. इंग्रजी परिपत्रक त्यांच्यासाठी लिहिलेले नसते, आणि मराठी परिपत्रकही बहुधा नसतेच. ‘इमारतीत आग लागली आहे, जिन्याने लगेच बाहेर पडा, लिफ्ट वापरू नका’ हे मराठी त्यांना कळते, विद्यार्थ्यांना कळते आणि कुलसचिवांनाही कळते. तरी आजच्या नमुन्यानुसार ते ‘आगीसदृश घटनेच्या पार्श्वभूमीवर सर्व संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी’ असेच लिहिले जाण्याची शक्यता अधिक आहे.