मराठी ख्रिस्ती उपासनेची शब्दकळा : स्वीकार आणि सोवळेपणा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा करताना त्याची भाषा 'मिशनरी' म्हणजे परकी आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. याउलट, त्या वाङ्मयाने देशी शब्द स्वीकारताच त्यात श्रद्धेची भेसळ होते, अशी शंका ख्रिस्तसभेतूनच व्यक्त होते. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : शब्दाचा धर्म त्याच्या जन्मावरून ठरतो. हे गृहीत भाषाशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे अगत्याचे आहे.

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःशंकपणे योजलेला आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना नव्या कथेसाठी जुनाच छंद आणि जुनीच शब्दसंपत्ती देणे, ही त्यामागील भूमिका होय. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगाचा आश्रय केला तो याच जातीचा. तुकोबांच्या वाणीवरून आपण ख्रिस्तचरणी पोचलो अशी त्यांची धारणा होती. १९१७ साली मिशनच्या चाकरीतून मुक्त होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही भक्तांना त्यात स्थान होते. म्हणजे अभंग ही टिळकांच्या ठायी केवळ रचनेची सोय नव्हती. मंडळी कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

पंडिता रमाबाईंचा मार्ग नेमका उलट. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे भाषांतर करताना, ज्या संस्कृत शब्दांना पूर्वीच्या तत्त्वज्ञानाचा वास येतो ते टाळून साधी मराठी वापरण्याचा त्यांचा कटाक्ष होता. शास्त्रांचे अध्ययन केलेल्या विदुषीने हा सोवळेपणा पाळावा, यात विसंगती नाही. शब्दाबरोबर किती अर्थ आपोआप आत येतो, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणास ठाऊक असेल. तथापि संस्कारमुक्त शब्द सापडतो, ही अपेक्षा भाषेच्या स्वभावाविरुद्ध आहे.

'तारण' हेच पाहा. प्रॉटेस्टंट परंपरेत हा श्रद्धेचा मध्यवर्ती शब्द. परंतु बाजारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. याउलट 'मंडळी' हा शब्द किती अर्थगर्भ ठरला! 'घरची मंडळी', 'पाहुणेमंडळी' असे म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द आला, की चर्च म्हणजे इमारत नव्हे, माणसे होत, हा सिद्धान्त विवरणावाचून उमगतो. आणि 'नाताळ', 'पाद्री', 'क्रूस' हे शब्द तर पोर्तुगिजांकडून आलेले; पण पावाइतकेच ते आज मराठी आहेत. 'स्नानसंस्कार' हा व्युत्पत्तीने अस्सल देशी शब्द त्यांच्यापुढे पुस्तकी वाटतो. तात्पर्य, शब्दाचे स्वकीयत्व त्याच्या कुळावर नव्हे, वहिवाटीवर अवलंबून असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पूजाविधीविषयक घटना संमत करून लोकभाषांना वाट मोकळी केली. लॅटिन मागे पडून वसईच्या वेदीवर मराठी आली. परंतु तेथील सामवेदी बोलीत वाढलेल्या भाविकाला प्रमाण मराठी ही घरची भाषा नव्हेच. आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्याच्या नातवाला ती अभ्यासाचीही भाषा राहिलेली नाही. आजचे खरे आव्हान येथे आहे. 'वैकुंठ' की 'स्वर्ग' हा वाद, दोन्ही शब्द ज्याला सारखेच दूरचे आहेत अशा पिढीपुढे निरर्थक ठरतो.

बाहेरच्या शंकेचेही स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. 'सुबोध बायबल'कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका धर्मगुरूच्या निवडीला काहींनी विरोध केला. मराठी ख्रिस्ती लेखकाने चार शतकांनंतरही आपल्या मराठीपणाचा दाखला द्यावा, ही अपेक्षा अन्यायाची होय. पण तिचे उत्तर अधिक संस्कृतप्रचुर प्रार्थना रचून देता येणार नाही.

स्टीफन्स आणि टिळक यांचे यश त्यांच्या शब्दनिवडीत जितके आहे, त्याहून अधिक त्या शब्दांना लाभलेल्या गळ्यांत आहे. ओवी ऐकली गेली, अभंग गायिला गेला. म्हणून ते टिकले. रमाबाईंचा सावधपणा त्या स्वीकाराला हवाच. अन्यथा नवी श्रद्धा जुन्या अर्थात विरघळून जाईल. परंतु सावधपणा म्हणजे उपासना नव्हे. जी मंडळी घरी एका भाषेत भांडते, दुसऱ्या भाषेत शिकते आणि तिसऱ्या भाषेत प्रार्थना करते, तिच्या प्रार्थनेतील शब्द कितीही शुद्ध असले तरी ते पाठांतराचेच राहतील. मराठी ख्रिस्तसभेपुढील प्रश्न कोणता शब्द निवडावा हा जितका आहे, त्याहून अधिक तो शब्द कोणाच्या तोंडी राहणार, हा आहे.