उलगड्यानंतरचे वाचन

रहस्यकथेची शिफारस करणे समीक्षेला नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे. अन्य कादंबरीविषयी लिहिताना समीक्षक शेवटाच्या उजेडात आरंभाचा अर्थ लावू शकतो. रहस्यकथेबाबत हा अधिकार त्याने आधीच सोडून द्यायचा असतो. शेवट फोडायचा नाही आणि शेवटावाचून रचनेचे मर्म तर सांगता येत नाही, अशा पेचात सापडलेला समीक्षक बहुधा ‘खिळवून ठेवणारी’ एवढ्या एका विशेषणावर भागवतो. मराठीत याचा परिणाम असा झाला, की हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा उल्लेख होतो तो वाचनाची गोडी लावणारे लेखक म्हणून, पुष्कळदा बालपणीच्या आठवणींच्या ओघात. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथांचेही फारसे वेगळे नाही. वाचकप्रियतेचा गौरव होतो, रूपबंधाचा विचार मागे राहतो. वाचक एकमेकांना रहस्यकथा आवर्जून सुचवत असतात. त्या सुचवण्यामागची कारणे मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहतात.

ही उपेक्षा केवळ अभिरुचीच्या सोवळेपणातून आलेली नाही. तिला सिद्धांताचेही पाठबळ आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना तिच्यातील दोन कथा वेगळ्या केल्या. एक गुन्ह्याची, घडून गेलेली आणि म्हणून अनुपस्थित. दुसरी शोधाची, उपस्थित असलेली, पण स्वतःचे महत्त्व नसलेली. दुसरीने पहिलीपर्यंत पोहोचवायचे आणि बाजूला व्हायचे. याच निबंधात त्याने असेही प्रतिपादन केले, की लोकप्रिय प्रकारातील उत्कृष्ट कृती ही प्रकाराचे नियम तंतोतंत पाळणारी असते. नियमांवर मात करू पाहणारी कृती ‘साहित्य’ होते, रहस्यकथा राहत नाही. हा निकष मान्य केल्यास चांगली रहस्यकथा आणि चांगली कादंबरी एकत्र नांदूच शकत नाहीत. २०११ ते २०२१ या काळात इंग्रजी अनुवादांतून उपलब्ध झालेल्या तीन कादंबऱ्या या निकषाला आव्हान देतात, आणि त्यांची शिफारस प्रथम याच कारणासाठी करावीशी वाटते.

पहिली जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ कादंबरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला नाओकी पुरस्कार मिळाला. सुजॉय घोष यांच्या ‘जाने जां’ (२०२३) या हिंदी चित्रपटामुळे तिचे कथानक इकडेही परिचित झाले आहे. येथे खून कोणी केला हे वाचकाला आरंभीच कळते. जेवणाच्या डब्यांच्या दुकानात काम करणारी यासुको आणि तिची मुलगी यांच्या हातून, त्यांना छळणाऱ्या पूर्वाश्रमीच्या नवऱ्याचा मृत्यू होतो. शेजारी राहणारा इशिगामी हा एकाकी गणितशिक्षक पुढची सारी सूत्रे हाती घेतो; त्याचा विद्यार्थिदशेतील मित्र, पदार्थवैज्ञानिक युकावा, त्याच्यासमोर उभा ठाकतो. ‘कोणी’ हा प्रश्न काढून टाकल्यावर रहस्य उरते कशात, याचे उत्तर अखेरीस मिळते, आणि ते मिळताच वाचकाला पहिल्या प्रकरणाकडे परतावे लागते. कामावर निघालेला इशिगामी नदीकाठच्या बेघर माणसांवरून नजर फिरवत जातो, ते वर्णन वाचकाने वातावरणनिर्मिती म्हणून ओलांडलेले असते. ते ओलांडणे निरागस नव्हते, हे उलगड्यानंतर ध्यानात येते. यासुकोचे अंतरंग मात्र लेखकाला पुरेसे गवसलेले नाही. जिच्यासाठी एवढा त्याग मांडला जातो, ती बरीचशी त्या त्यागाचे निमित्त होऊन राहते. गणिती काटेकोरपणाची ही किंमत आहे.

दुसरी कादंबरी अर्जेंटिनाच्या क्लाउदिया पिन्येइरो यांची ‘एलेना नोज’. मूळ स्पॅनिश कृती २००७ ची. इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये आला आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत त्याचा समावेश झाला. एलेनाची मुलगी रीता चर्चच्या घंटाघरात गळफास लागलेल्या अवस्थेत आढळते. पोलीस आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवतात. एलेनाला ते मान्य नाही, कारण त्या दिवशी पाऊस होता, आणि विजेच्या भयाने रीता पावसात चर्चच्या जवळपासही फिरकत नसे. दुवा आहे, शोध आहे, शोध घेणारी व्यक्ती आहे. पण ती कंपवाताने जखडलेली आहे. मान वर उचलता न येणारी ही स्त्री उपनगरातून ब्वेनोस आयरेसला निघते. रीताच्या उपकाराची परतफेड जिने करायला हवी असे तिला वाटते, त्या इसाबेलला शोधायला. कादंबरीचे तीन भाग दिवसातील औषधाच्या गोळ्यांनुसार पाडले आहेत. गोळीचा अंमल असेल तितकाच वेळ पाऊल पुढे पडते, आणि कथनही तितकेच पुढे सरकते. तोदोरोव्हच्या मांडणीत शोधाची कथा जवळजवळ पारदर्शक असते. येथे तीच शरीराचे सारे वजन घेऊन उभी राहते. स्त्रीच्या शरीरावर अधिकार कोणाचा, हा कादंबरीचा खरा प्रश्न त्या वजनातूनच वर येतो. अर्जेंटिनात गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये संमत झाला. त्याच्या तेरा वर्षे आधी ही कादंबरी लिहिली गेली होती. अखेरच्या भागातील संवाद मात्र काहीसे युक्तिवादाच्या अंगाने जातात. आधीच्या भागांनी जे अनुभवायला लावले, ते येथे सांगितले जाते.

तिसरी कादंबरी पोलिश लेखिका ओल्गा तोकार्चुक यांची ‘ड्राइव्ह युअर प्लाऊ ओव्हर द बोन्स ऑफ द डेड’ (मूळ २००९, इंग्रजी अनुवाद २०१८). चेक सीमेलगतच्या पठारावर एकटी राहणारी, ज्योतिषावर श्रद्धा असलेली यानिना दुशेइको ही तिची निवेदक. एकेकाळी पूल बांधणारी ही अभियंता आता मुलांना इंग्रजी शिकवते आणि हिवाळ्यात इतरांच्या रिकाम्या घरांची राखण करते. परिसरातील शिकारी एकामागून एक मरू लागतात, तेव्हा प्राण्यांनीच सूड घेतला आहे अशी उपपत्ती ती पोलिसांना पत्रांतून कळवते. पोलीस त्या पत्रांची दखल घेत नाहीत. वाचक हसतो, तो तिला लोभस विक्षिप्तांच्या रांगेत बसवून मोकळा होतो. कादंबरीची सारी खेळी या हसण्यावर उभी आहे. शिकारी आणि त्यांची पाठराखण करणारा धर्मगुरू यांच्या चित्रणात लेखिकेचा हात जड पडतो, हे नाकारता येत नाही; पण निवेदिकेचा आवाज इतका स्वायत्त आहे, की हा दोषही तिच्याच दृष्टीचा भाग म्हणून निभावून जातो.

या तिन्ही कादंबऱ्यांना जोडणारे सूत्र आता स्पष्ट व्हावे. रोनाल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी जे दहा नियम घालून दिले, त्यांतील एक असा, की शोधकाला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये. तिन्ही लेखक हे पथ्य पाळतात. दुवा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. तो दिसत नाही, कारण तो अशा माणसांपाशी ठेवलेला असतो ज्यांच्याकडे पाहण्याची समाजाला सवय नाही. नदीकाठचे बेघर, फरफटत चालणारी रुग्ण स्त्री, पत्रे लिहिणारी म्हातारी. लेखकाने वाचकाला फसवलेले नसते; वाचक आपल्या दृष्टीच्या सवयींमुळे फसलेला असतो. प्रकाराचा जुना संकेत येथे मोडलेला नाही, तो काटेकोरपणे पाळल्यामुळेच नैतिक प्रत्यय निर्माण झाला आहे. नियम पाळणे आणि साहित्य होणे यांत तोदोरोव्हने गृहीत धरलेला विरोध म्हणूनच या कृतींपुरता तरी टिकत नाही.

एक आक्षेप येथे संभवतो. रहस्यकथेला अशी नैतिक प्रतिष्ठा देऊन तिचे रंजन हिरावून घेतले जात नाही काय? तसे होत नाही; कारण या कादंबऱ्यांचे गांभीर्य रंजनाच्या शेजारी वेगळे मांडलेले नाही. उत्कंठेने घाईघाईत वाचणाऱ्या वाचकालाच त्याचा फटका बसतो. सावकाश, सावध वाचणाऱ्याला तो तितका जाणवणार नाही. रंजन हे या गांभीर्याचे साधन आहे.

मराठी समीक्षेने यातून घ्यावा असा एक निकष आहे: रहस्य कळल्यानंतर कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटते काय, आणि दुसऱ्या वाचनात काय दिसते? हा प्रश्न शेवट न फोडताही विचारता येतो. अर्नाळकर, शिरवळकर यांच्याकडे आणि आजच्या मराठी रहस्यलेखनाकडे या प्रश्नासह वळल्यास काही कृती गळून पडतील, काही अनपेक्षितपणे उभ्या राहतील. कोणत्या, हे वाचल्यावाचून ठरणार नाही. ज्याला एकाच पुस्तकापासून आरंभ करायचा असेल, त्याने ‘एलेना नोज’ हाती घ्यावे. ते आकाराने लहान आहे, आणि त्यातील शोध संपतो तेव्हा वाचकाने एलेनाविषयी प्रथम बांधलेला प्रत्येक ग्रह तपासून घ्यावा लागतो.