इंग्रजी ग्रंथकारांचें ‘निःसंशय’

एखादी गोष्ट खरी आहे असें सिद्ध करणें निराळें आणि तिच्या खरेपणाबद्दल वाचकानें शंकाच घेऊं नये अशी तजवीज करणें निराळें. पहिलें काम पुराव्याचें आहे. दुसरें कांहीं ठराविक शब्दांकडून करून घेतां येतें. इंग्रजी गद्यांत अशा शब्दांचा सांठा मोठा आहे. ‘नो डाउट’, ‘ऑफ कोर्स’, ‘सर्टन्ली’, कोणीहि कबूल करील, सांगावयास नकोच, या धाटणीचे प्रयोग त्या भाषेंतील निबंधांत, इतिहासांत व टीकालेखांत पानोपानीं भेटतात. आमच्याकडील शिकलेला वर्ग पिढ्यान्‌पिढ्या हेंच गद्य वाचून लिहावयास शिकला. तेव्हां हे शब्द वास्तविक काय काम करितात हें पाहणें केवळ व्याकरणाचा विषय नव्हे.

‘नो डाउट’ याचा अक्षरार्थ ‘शंका नाहीं’. परंतु ज्या वाक्याच्या आरंभीं तो येतो, त्या वाक्याच्या पाठोपाठ बहुधा एक ‘पण’ उभा असतो. अमका गृहस्थ विद्वान आहे यांत शंका नाहीं, पण. त्याचा हेतु शुद्ध होता यांत शंका नाहीं, पण. म्हणजे जें निःसंशय म्हणून सांगितलें तें प्रतिपक्षाच्या हातावर ठेवलेलें उदक असतें. लेखकाचें खरें म्हणणें ‘पण’च्या पलीकडे असतें. फाउलर यानें १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ या कोशांत ही झीज नोंदविली आहे. त्याच्या मतें या प्रयोगानें आतां संभव किंवा सवलत एवढेंच सूचित होतें. खरी खात्री सांगावयाची असेल तर ‘अन्‌डाउटेड्‌ली’ यासारखा दुसरा शब्द घ्यावा लागतो. ‘ऑफ कोर्स’विषयीं तर त्यानें अधिकच कडक शेरा मारला आहे. संदर्भग्रंथांतून नुकतीच उकरून काढलेली आडबाजूची माहिती या शब्दाच्या आश्रयानें, जणूं ती आपणांस जन्मापासूनच ठाऊक आहे अशा थाटांत, पुढें करणें ही त्याच्या मतें हलकी युक्ति होय.

या युक्तीचें सर्वांत गाजलेलें रूप म्हणजे मेकॉलेचा शाळकरी मुलगा. १८४० च्या जानेवारींत ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्यें आलेल्या क्लाइव्हवरील निबंधांत मेकॉले म्हणतो कीं, मॉन्टेझुमाला कैद कोणी केलें व आताहुआल्पाचा गळा कोणी घोटला हें शाळेंतील कोणत्याहि पोराला माहीत असतें. मेक्सिको व पेरू येथील या राजांचीं नांवें ज्यानें कधीं ऐकलीं नाहींत असा प्रौढ वाचक येथें काय करील? आपलें अज्ञान पोराहूनहि अधिक आहे असें कबूल करण्यापेक्षां तो मान डोलावून पुढें जाईल. निबंधाचा हेतु इंग्रजांना हिंदुस्थानच्या इतिहासाविषयींच्या त्यांच्या औदासीन्याबद्दल टोंचण्याचा होता, आणि त्या मानानें वाक्य बिनतोड आहे. पण त्यांतील जोर माहितीचा नव्हे, वाचकाच्या संकोचाचा आहे. तो मुलगा पुढें इंग्रजींत म्हणीसारखा झाला यांत नवल नाहीं.

हा प्रकार इंग्रजी लेखकांच्या ध्यानांत आला नव्हता असें मात्र नव्हे. मेकॉलेच्या त्या निबंधाच्या सत्तावीस वर्षें आधीं, १८१३ सालीं, जेन ऑस्टेन या बाईंनीं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यांत त्याची थट्टा केली आहे. सर्व जगानें मान्य केलेलें सत्य म्हणून त्या गंभीरपणें जें जाहीर करितात, तें पाहूं गेलें तर उपवर मुलींच्या आयांचें मनोगत निघतें. ‘सर्व जग’ म्हणजे शेजारचीं चार घरें, हें एका वाक्यांत दाखविणें सोपें नाहीं.

परंतु हीं चार घरें नेहमींच अशीं निरुपद्रवी नसतात. १८३५ च्या फेब्रुवारीच्या २ तारखेस मेकॉलेनें हिंदुस्थानांतील शिक्षणासंबंधीं आपलें टिपण लिहिलें. आपणांस संस्कृत येत नाहीं व अरबीहि येत नाहीं, हें त्यांत तो स्वतःच सांगतो. भाषांतरें वाचून व जाणत्यांशीं बोलून आपण अंदाज केला आहे, असेंहि म्हणतो. मग युरोपांतील चांगल्या ग्रंथालयाची एक फळी हिंदुस्थान व अरबस्तान यांच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोलाची आहे, हा निकाल कशाच्या बळावर द्यावयाचा? तो दिला गेला दुसऱ्यांच्या मौनाच्या बळावर. हें नाकारूं शकणारा एकहि प्राच्यविद्यापंडित आपणांस भेटला नाहीं. अमुक गोष्टीविषयीं क्वचितच वाद होईल. अशा आशयाचीं विधानें तेथें एकामागून एक येतात. वस्तुतः वाद होता. एच. टी. प्रिन्सेप यानें त्याच महिन्यांत उलट टिपण लिहून मेकॉलेच्या प्रतिपादनास हरकत घेतली. तरीहि ७ मार्च रोजीं गव्हर्नर-जनरल बेंटिंक याचा ठराव झाला तो मेकॉलेच्या बाजूनें, आणि शिक्षणाचा सरकारी पैसा इंग्रजी विद्येकडे वळला. हा ठराव एका वाक्प्रचारानें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचीं कारणें अनेक होतीं. पण ज्या विद्यांचा न्याय होत होता त्यांचे जाणते जणूं आधींच गप्प झाले आहेत असा भास त्या शब्दांनीं उत्पन्न केला, एवढें खरें.

तर मग लेखकानें निश्चयानें बोलूंच नये कीं काय? डेव्हिड ह्यूमसारख्या संशयवाद्यालाहि तें जमलें नाहीं. १७३९ सालीं त्याच्या ‘ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’चे पहिले भाग निघाले तेव्हां त्याचें वय अठ्ठावीसहि पूर्ण झालें नव्हतें. मनुष्याच्या ज्ञानाचा पाया किती डळमळीत आहे हें दाखविणाऱ्या त्या ग्रंथांतहि ‘हें उघड आहे’, ‘हें निश्चित आहे’ असे शब्द जागोजाग आले. पहिल्या खंडाच्या अखेरीस ह्यूम त्याबद्दल खुलासा करितो: वस्तु त्या क्षणीं जशी दिसली तिनें हे शब्द आपल्याकडून वदविले, त्यांत हटवादाचा भाव नाहीं. अशी प्रांजळ सूचना देणारे ग्रंथकार थोडे.

दुसरें उदाहरण डार्विनचें. प्राणिजाति स्वतंत्रपणें निर्माण झाल्या हें मत चुकीचें आहे, याविषयीं आपणांस शंका उरलेली नाहीं, असें तो १८५९ सालच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या प्रस्तावनेंत लिहितो. शब्द जवळजवळ तेच आहेत. परंतु ‘बीगल’ जहाजावरील प्रवासाहून तो परतला १८३६ सालीं, या विषयाची पहिली वही त्यानें उघडली १८३७ सालीं, आणि हें वाक्य छापलें गेलें त्यानंतर बावीस वर्षांनीं. पूर्वीं आपणहि तेंच चुकीचें मत धरून होतों, हें तो तेथेंच सांगतो. पुष्कळ गोष्टी अजून अंधारांत आहेत हेंहि सांगतो. आणि आपल्या सिद्धांतावरील अडचणींना तो एक सबंध प्रकरण देतो. येथें निश्चय हा वाचकाचें तोंड बंद करण्याचें साधन नसून दीर्घ परिश्रमाची पावती आहे.

आमच्या गद्यानें या दोहोंपैकीं कोणता वारसा घेतला? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढली. जॉन्सनवर त्यांनीं तींत निबंध लिहिला, आणि मेकॉलेच्या डौलाची छाप त्यांच्या लेखणीवर उमटलेली दिसते. परसत्तेचा त्यांनीं घेतलेला समाचार ज्या ठसक्यामुळें मनांत ठसतो, तो ठसका बऱ्याच अंशीं परक्यांकडूनच घेतलेला होता. त्यांच्या हातीं तो शोभला, कारण त्यामागें स्वतःचें वाचन व स्वतःची चीड होती. मागाहून येणाऱ्यांनीं मात्र पुष्कळदां नुसता ठसका उचलला. ‘यांत तिळमात्र संशय नाहीं’, ‘हें सर्वश्रुतच आहे’, ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ हीं वाक्यें जेथें पुरावा असावयास हवा नेमकीं तेथेंच येऊन बसतात.

यावर एक सोपी कसोटी आहे. असें वाक्य दिसलें कीं त्यांतील निश्चयाचा शब्द काढून टाकावा आणि राहिलेलें विधान पुन्हां वाचावें. डार्विनच्या वाक्यामागें सबंध ग्रंथ उभा राहतो. मेकॉलेच्या फळीमागें कोणाचें तरी मौन. वाचकानें आपलें मौन कोणालाहि उसनें देऊं नये. आमच्या घरांतील मुलांना इंग्रजी निबंध शिकविला जातो तेव्हां त्यांतील वाक्यरचनेबरोबर एवढा सावधपणाहि त्यांच्या पदरांत पडला, तर त्या भाषेच्या अभ्यासाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.